'माणूस' नावाचा रकाना

मी हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या इमारतीतल्या काशिनाथदादा म्हात्र्यांना गेली दोन वर्षं घरखर्च लिहायला एकही ॲप पसंत पडत नाही, यावरून सगळी इमारत हसते. आणि ते पसंत न पडण्याचं कारण मी आहे.

लोक का हसतात ते आधी सांगतो, माझं नंतर.

दादा नवं ॲप घेतात, दोन-तीन आठवडे अगदी मन लावून वापरतात आणि मग एका रविवारी सकाळी त्या कंपनीला फोन लावतात. फोन स्पीकरवर असतो, कारण दादांच्या मते कानाला लावून केलेल्या बोलण्याला साक्षीदार नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची, मांडीवर आखलेला कागद, कानामागे पेन्सिल. खाली दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी कपडे वाळत घालत असतो. मला सगळं ऐकू येतं.

"नमस्कार बाय. काशिनाथ म्हात्रे बोलतो, उल्हासनगर, कॅम्प पाच. तुमचा ॲप घेतला हाय. तसा बरा हाय. मना येकच इचारायचा हाय."

"बोला ना सर."

"मानूस मेला तं त्याचं तुमी काय करता?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडच्या छापील उत्तरांत नसतं.

"सर, तुम्हाला विमा विभागाशी बोलायचं आहे का?"

"इमा नको. मी जित्ता हाय."

"मग सर, खातं बंद करायचं आहे का?"

"बंद कशाला करू? आताच तं उघडला!"

असं दहा-बारा मिनिटं चालतं. शेवटी ती मुलगी नाहीतर तो मुलगा फोन थांबवून ठेवतो, संगीत वाजू लागतं आणि दादा ते संगीत मान हलवत संपेपर्यंत ऐकतात. खाली रिक्षावाले वर बघून एकमेकांना डोळा मारतात. समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडतं, "काय दादा, मेलेल्याचं सापडलं का?" दादा हात वर करून "चालू हाय" अशी खूण करतात.

मी त्या वेळी आत जातो. वाळत घालायचे कपडे शिल्लक असले तरी.

काशिनाथदादा मूळचे इथलेच, आगरी. अंबरनाथच्या बाजूला त्यांची भातशेती होती, आता तिच्यावर सात मजली इमारती आहेत आणि त्यांपैकी एकीचं नाव इटलीतल्या गावावरून ठेवलंय. दादांनी अंबरनाथ एमआयडीसीत एका रसायनांच्या कंपनीत चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. स्टोअर हा त्यांचा धर्म. "एंट्री नाय तं वस्तू नाय," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते वाक्य न उच्चारता ते चहा तरी पितात की नाही, अशी मला शंका आहे. कंपनीत स्लिपशिवाय त्यांच्या हातून खिळा सुटत नसे. एकदा मालकांचा नवा जावई कंपनी बघायला आला. त्याला डोक्यावर घालायला हेल्मेट दिलं ते दादांनी स्लिप फाडूनच. स्लिपवर लिहिलं होतं: 'हेल्मेट, नग १, जावईबापू, परतीच्या बोलीवर.' आणि परत जाताना फाटकाशी गाडी थांबवून वसूल केलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचं स्टोअर केलं. तांदळाच्या डब्याला, मिठाच्या बरणीला, साबणाच्या खोक्याला पुठ्ठ्याची कार्डं लटकली. आवक, जावक, शिल्लक. त्यांच्या पत्नी मंदावहिनी उरणकडच्या, मिठागरावर वाढलेल्या. चिमूट जिभेवर ठेवून मीठ कुठल्या बाजूचं ते सांगायच्या. त्यांनी आठ दिवस हे कौतुकाने बघितलं. नवव्या दिवशी दादा झोपून उठले तर त्यांच्या खुर्चीच्या पाठीला एक कार्ड लटकत होतं: 'नग १. जुना. बदलून मिळत नाही.'

दादा ते कार्ड घेऊन खाली माझ्याकडे आले होते. रागावलेले नव्हते. "सावंत, बग," म्हणाले, "बाईचा अक्षर बग कसा सरळ हाय. सातवीत शाला सुटली तिची."

त्यांच्या पनवेलला दिलेल्या मुलीने पुढे दोघांनाही स्मार्टफोन घेऊन दिले आणि एक ॲप टाकून दिलं. घरखर्चाचं. त्याचं नाव इंग्रजीत होतं. दादा त्याला 'पोपटी' म्हणायचे, चिन्हाच्या रंगावरून. पोपटीची खुबी अशी की त्यात एका घरची दोन माणसं एकत्र लिहू शकत. एकाने खर्च टाकला की दुसऱ्याला तो दिसे, आणि खर्चाखाली चार शब्द शेरा लिहायला जागा होती. नवा शेरा आला की लाल ठिपका.

दादा खर्च टाकत. वहिनी शेरे मारत.

'रिक्षा, ४०.' खाली वहिनी: 'पाय मोडलं का?'

'मंडळाची वर्गणी, ५०१.' खाली: 'नाव मोठा छापला का बारीक?'

'वर्तमानपत्र.' खाली: 'रद्दीचं पैसं कुठं हायत?'

'चष्म्याची काडी बदलली.' खाली: 'आता तरी मना बगा.'

एका बोटाने टाइप करायच्या, पण वेग पेन्सिलीसारखा. दादा त्यांना 'ऑडिट' म्हणत. घरातल्या घरात, ही स्वयंपाकघरात आणि हे बाल्कनीत, असे दोघं फोनवरून भांडायचे. आणि प्रत्येक चांगला शेरा दादा खाली येऊन मला दाखवायचे. माझं ऑफिसला निघायचं असे, शेअर रिक्षा खाली भरत असे, आणि हे जिन्यात मला अडवत. "सावंत, वाच. ऑडिट आला बग." चार वर्षं मी ते शेरे वाचत होतो. निम्मे घाईत वाचले.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर आहे, आणि इमारतीचा सेक्रेटरी. कमी बोलतो. माणसांशी काय बोलावं ते मला सुचत नाही. पण फॉर्म भरता येतो. कोणाकडे काही झालं की इतर लोक खांदा देतात, जेवण आणतात, बायका रात्रभर सोबतीला बसतात. मी फाइल उघडतो. मला वाटायचं, ही माझी सोबत करण्याची पद्धत.

दोन वर्षांपूर्वी मंदावहिनी गेल्या. आठ दिवसांचं दुखणं. दादा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, कागद सांभाळत होतो. दिवसकार्य आटपलं तेव्हा माझ्याजवळ एक यादी तयार होती. मृत्यूचा दाखला. रेशनकार्डातून नाव कमी करणे. गॅसच्या पुस्तकात बदल. बँकेच्या जोडखात्यातून नाव कमी करणे. सोसायटीच्या दाखल्यावर नाव कमी करणे. सरकारी भाषेत हे असंच म्हणतात, नाव कमी करणे. मी ऑफिसला दोन दिवस रजा टाकून रांगा लावल्या. एक काम झालं की यादीत बरोबरची खूण. दादा नुसते सही करत. प्रत्येक सही करायच्या आधी विचारत, "ही कसली?" मी सांगे. ते म्हणत, "बरा."

तिसऱ्या दिवशी दादांनी मला फोन दिला. "त्या पोपटीचं पैसं कापलं बग बँकेतशी. दोगांचं. बग जरा." आणि अंघोळीला गेले.

'बघ जरा' म्हणाले. 'काढ' म्हणाले नाहीत. ही गोष्ट मला त्या क्षणी कळायला हवी होती.

मी ॲप उघडलं. सभासद दोन. काशिनाथ, मंदा. मंदा या नावापुढे 'काढून टाका' असं होतं. ते दाबल्यावर एक चौकट आली, इंग्रजीत: या सभासदाने लिहिलेले सर्व शेरे कायमचे पुसले जातील, परत मिळणार नाहीत, पुढे जायचं का?

ती चौकट मी न वाचता दाबली असं मी स्वतःला बरेच महिने सांगत होतो. ते खरं नाही. मी ती पूर्ण वाचली. मी हिशेबाच्या टेबलावरचा माणूस आहे, मी चौकटी वाचतो. मला वाटलं, रिक्षाचे आणि रद्दीचे शेरे, कोणाला हवेत आता. महिन्याला एकोणपन्नास रुपये वाचतील. आणि माझ्या यादीत ही ओळ मी नुकतीच शेवटी जोडली होती. मी 'हो' दाबलं आणि यादीवर खूण केली. खरं सांगायचं तर खूण करताना बरं वाटलं.

संध्याकाळी दादा खाली आले. दारातच उभे. हातात फोन उघडा.

"सावंत, ऑडिट कुठं गेला?"

माझी बायको सुषमा भाकऱ्या थापत होती, तिने तसंच बाहेर डोकावून बघितलं. मी म्हणालो, "म्हणजे?"

"हिचं सगलं गेलं. माजं लिवलेलं हाय. हिचं नाय."

आणि मी म्हणालो, "कंपनीने काढलं असेल दादा. त्यांचा नियम असतो."

इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. दादांनी मान डोलवली. नियम हा शब्द त्यांना कळतो. "मंग कंपनीला लिव," म्हणाले. "इंग्रजीत लिव. परत पायजे म्हनून लिव."

मी लिहिलं. मनापासून लिहिलं, कारण परत आलं असतं तर मी सुटलो असतो. चार दिवसांनी उत्तर आलं, तीन ओळींचं. सदर सभासद आपल्याच फोनवरून काढण्यात आला असून माहिती परत मिळवता येत नाही, आम्हाला खेद आहे. दादा शेजारी बसले होते. "वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. "नियमाप्रमाणे काढलंय, परत मिळणार नाही, त्यांना वाईट वाटतंय." 'आपल्याच फोनवरून' हे दोन शब्द मी मराठीत आणले नाहीत. माझं खोटं एवढंच आहे, दोन शब्दांचं. कागदावर पाहिलं तर फार लहान.

दादा म्हणाले, "मानसाला काढून टाकायचा नियम. कसली कंपनी हाय!" पोपटी त्याच दिवशी फोनवरून गेली, आणि दुसरं ॲप शोधायला सुरुवात झाली.

शोध म्हणजे कसा, तर कंपनीत माल घेताना करायचे तसा. तीन पार्ट्यांचे भाव मागवायचे, तुलनेचा तक्ता करायचा, कमी-जास्त बघायचं, मग सही. दादांनी मोठा कागद आखला. रकाने: मराठी आहे का, जागा किती खातं, जाहिराती, पैसे. आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद रकाना. त्याचं शीर्षक 'माणूस'. इमारतीत तो तक्ता सगळ्यांनी पाहिलाय. शेवटच्या रकान्याचा अर्थ कोणालाच लागला नाही. कोणी म्हणालं, वारसदार. कोणी म्हणालं, म्हातारपण. मी काहीच म्हणालो नाही.

ॲपं नापास होण्याची कारणं मात्र ऐकण्यासारखी होती. निळं ॲप सहाव्या दिवशी गेलं. दादांनी सुकट घेतली, ती लिहिली, तर ॲपने तो खर्च आपणहून 'पाळीव प्राणी' या सदरात टाकला. "आमचा सुकट कुत्र्यामांजराचा खाना? आगऱ्याच्या फोनमदी र्‍हाऊन?" नारिंगी ॲप मे महिन्यात गेलं. मे म्हणजे आगऱ्यांच्या हळदींचा महिना. दादांना एकोणीस हळदींची आमंत्रणं होती आणि प्रत्येक ठिकाणी आहेर. ॲपने तांबडी पट्टी दाखवली: 'असामान्य खर्च आढळला.' दादांनी मला हाक मारून दाखवलं. "भाचीची हलद असामान्य! मंग सामान्य काय?" आणखी एका ॲपने पहिल्याच पानावर विचारलं, तुमचं आर्थिक स्वप्न कोणतं? गाडी, परदेश प्रवास, मोठं घर, इतर. दादांनी 'इतर' निवडलं आणि पुढच्या चौकटीत लिहिलं, 'सध्या नाय.'

जांभळ्या ॲपवर मात्र मला हसता आलं नाही. दादांनी त्यात जुन्या हिशेबावरून वहिनी असतानाचा किराणाही चढवला होता. महिनाअखेर त्याने पडदाभर रंगीत कागदाचे तुकडे उडवले आणि लिहिलं: अभिनंदन! तुमचा किराणा खर्च निम्म्याने कमी झाला. दादांनी फोन माझ्यापुढे धरला. तुकडे पडतच होते. "बग," म्हणाले, "फटाके लावतंय." फोन खिशात घातला आणि जिना चढून गेले.

एकदा ते मला घेऊन बाजारात मोहनसेठच्या मोबाइलच्या दुकानात गेले. मोहनसेठ सिंधी, चाळीस वर्षं कॅम्पात, मराठी समजतात पण धंदा हिंदीत करतात. दादांनी तक्ता काउंटरवर पसरला. मोहनसेठने चष्मा लावून तो बराच वेळ बघितला.

"दादा, ये क्या है, इलेक्शन का रिझल्ट?"

"घरखर्चाचा ॲप पायजे सेठ. टिकाऊ."

"साईं, खर्चा लिखने से कम होता तो मैं दुकान में सिर्फ पेन बेचता. ये लो, ये फ्री है, मेरा लडका चलाता है."

"मानूस मेला तं?"

मोहनसेठने चष्मा काढला. "कौन मरा?"

"कोन पन. मेंबर."

"दादा! सुबह का टाइम है, अभी बोहनी नहीं हुई. शुभ शुभ बोलो." आणि माझ्याकडे वळून हळूच, "इनको घर ले जाओ भाई. धूप लगी है."

मी त्यांना घरी आणलं. वाटेत म्हणालो, "दादा, मी काय म्हणतो, वहीतच लिहा ना. तुमचं अक्षर सुंदर आहे. वही कोणी पुसत नाही."

दादा चालता चालता थांबले. "वहीत मी लिवीन रे," म्हणाले. "ती कशी लिवनार?"

मला वाटलं, उन्हाने बोलताहेत. मोहनसेठसारखंच मलाही वाटलं, हे मी कबूल करतो.

दादा मला प्रत्येक वेळी तक्ता दाखवत, कारण त्यांच्या लेखी मी फॉर्मातला जाणकार. "तू व्हतास म्हनून तिचं सगलं कागद झालं," असं ते चारचौघांत सांगतात. सोसायटीच्या सभेत त्यांनी माझ्या आभाराचा ठराव मांडला होता. टाळ्या वाजल्या. इतिवृत्त मीच लिहितो, तेव्हा तो ठराव मीच माझ्या हाताने लिहिला. त्या दिवशी सांगावं असं ठरवून वर गेलो होतो. दार दादांनी उघडलं, "ये, तुजंच काम व्हता, ह्या पिवल्या ॲपचा बग," म्हणाले, आणि मी पिवळ्या ॲपचं बघितलं.

सुषमा त्यांची थट्टा करते, पण मायेने. दादांच्या हातात नेहमी दोन फोन असतात. "दोन दोन कशाला दादा? दुसरीकडे कुठे चाललंय का काही?" दादा लाजल्यासारखे हसतात. "चालू हाय, चालू हाय." दुसरा फोन वहिनींचा, हे मला माहीत होतं. त्याचा रिचार्ज दर महिन्याला मीच करून देतो. पण कशाला ठेवलाय, ते कधी विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर बोलणं माझ्यापर्यंत आलं असतं.

गेल्या रविवारी दादांनी वरून हाक मारली. नेहमीची नव्हे, आवाज वेगळा होता. वर गेलो. बाल्कनीत टेबल मांडलं होतं, त्यावर तक्ता. शेवटच्या रकान्यात, अकरा फुल्यांच्या खाली, बाराव्या ओळीत बरोबरची खूण होती.

"पास झाला," दादा म्हणाले. "त्या पोरीने फोन केला. आपनहून! मागं इचारला व्हता ना मी, ती. ती बोलली, सर, असं कोनी इचारलं नव्हतं म्हनून मी वरती इचारलं. मानूस गेला तरी त्याचा नाव तसाच ठेवतात, लिवलेला तसाच ठेवतात. पैसं पन त्याचं घेत नायत." त्यांनी ओळीच्या टोकाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगी चांगली आहे.'

मी म्हणालो, "छान झालं दादा."

"आता खरा काम. बस."

त्यांनी आतून एक पुठ्ठ्याचा डबा आणला. आत कंपनीच्या जुन्या कोऱ्या स्लिपा, रबर लावून बांधलेल्या. प्रत्येक स्लिपवर एक वाक्य. पेन्सिलीने. 'पाय मोडलं का?' 'रद्दीचं पैसं कुठं हायत?' 'आता तरी मना बगा.' दोन वर्षांत आठवेल तसे एकेक करून दादांनी वहिनींचे शेरे लिहून ठेवले होते. काहींच्या खाली प्रश्नचिन्ह होतं: 'पडलं का' की 'मोडलं का', असं.

"त्रेचालीस झालं," दादा म्हणाले. "तिच्या फोनवरशी टाकनार. तिच्या नावावर. सुरक्षित जागा मिलाल्याशिवाय कुठं टाकू? पुन्ना कोनी काढून टाकला तं? एंट्री नाय तं वस्तू नाय." मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. "सावंत, मी तुना दाखवायचो ना जिन्यात. माज्याशिवाय वाचनारा तूच येक. आठव. तुना कंचं कंचं आठवतात?"

त्यांनी एक कोरी स्लिप आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.

मी त्या वेळी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. खाली शेअर रिक्षावाला "एक सीट, एक सीट" ओरडत होता. मी आठवायला बसलो. घाईघाईत वाचलेले, रिक्षा चुकेल म्हणून मनात चरफडत वाचलेले शेरे. एक आठवला. दादा "हां! हां! त्यो राहिलाच व्हता!" म्हणून टाळी देऊन हसले. दुसरा आठवला. चप्पल दुरुस्तीचा तिसरा सांगितला तेव्हा ते एकदम उठून आत गेले, तोंड धुऊन आले. तासाभरात सहा झाले. त्यातले चार त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी प्रत्येक स्लिप दोन्ही हातांनी घेतली.

"आनखी?"

"नाही दादा. एवढेच."

"बग आठवून."

"एवढेच दादा."

"बरा," ते म्हणाले. "आठवला तं सांग. रात्री-अपरात्री सांग."

हे मी गेल्या रविवारी बोललेलं खोटं आहे, दोन वर्षांपूर्वीचं नव्हे. कारण सातवा शेरा मला आठवत होता. तो मला आठवावा लागत नाही.

वर मी सांगितलं की चौकट मी पूर्ण वाचली. त्याआधी मी आणखी एक गोष्ट वाचली होती. मी दादांच्या फोनवर ते ॲप उघडलं तेव्हा एका खर्चापुढे लाल ठिपका होता. खर्च हॉस्पिटलमधला होता, दादांनी व्हरांड्यात बसून टाकलेला: 'शहाळी, २.' त्यानंतर त्यांनी ॲप उघडलंच नव्हतं. म्हणजे वहिनींनी पलंगावरून, नळ्या लावलेल्या हाताने, एका बोटाने लिहिलेला तो शेरा दादांनी बघितलेला नव्हता. मी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि वाचला. मला वाटलं, हे आता या माणसाने कशाला वाचायचं, आजच कुठे दोन घास जेवलाय. त्यांच्या वतीने मी ते ठरवलं. मग मागे गेलो, त्यांच्या बायकोचं नाव काढलं, आणि यादीवर खूण केली.

तो शेरा सांगायचा म्हणजे तो मी कधी वाचला ते सांगावं लागेल. म्हणून गेल्या रविवारी गप्प राहिलो. दादा रोज संध्याकाळी बाल्कनीत वहिनींचा फोन घेऊन बसतात, एका बोटाने, बोलत बोलत एकेक स्लिप चढवतात. काल बत्तीसपर्यंत आले होते. हे छापून येईपर्यंत सगळ्या चढलेल्या असतील, आणि त्याआधी मला जिना चढून जायला हवं. दादा मराठी वाचतात. त्यांनी हे कागदावर वाचावं आणि माझ्या तोंडून ऐकू नये, एवढी नवी चूक तरी मला करायची नाही.

शेरा असा होता:

'येक मना मिलाला. दुसरा तुमी प्यालाव का? प्यायचा. लई सुकलाव.'

ही वाक्यं काशिनाथदादांची आहेत. दोन वर्षं ती माझ्याकडे आहेत. मी ती त्यांना अजून दिलेली नाहीत.